सहा ताटं भरीत, पाच परीक्षक आणि एकाच कोडमधून तीन विजेते

केळीबाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जळगावला आमच्या कॉलनीत दर हिवाळ्यात भरीत पार्टी असते. वांगी बामणोदची, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची पुरी. यंदा हौशी मंडळींनी स्पर्धा ठेवली. सहा घरांची सहा ताटं, नावं झाकलेली, ताटांवर फक्त अक्षरं: क, ख, ग, घ, च, छ. कुठलं ताट कुणाचं ते बंद पाकिटात आहे आणि पाकीट समितीतल्या काकूंकडे.

दहापैकी गुण द्या म्हटलं की एक परीक्षक सगळ्यांना आठ देतो नि दुसरा सगळ्यांना पाच. म्हणून मी सुचवलं की दोन-दोन ताटं समोर ठेवा आणि कुठलं जास्त आवडलं एवढंच विचारा. सहा ताटांच्या १५ जोड्या, पाच परीक्षक, एकूण ७५ मतं. मतं अशी पडली (पहिला आकडा पहिल्या ताटाचा):

क–ख ३–२
ख–ग ४–१
ग–क ५–०
क–घ ४–१, क–च ४–१, क–छ ५–०
ख–घ ३–२, ख–च ४–१, ख–छ ४–१
ग–घ ५–०, ग–च ५–०, ग–छ ५–०
घ–च ३–२, घ–छ ४–१, च–छ ३–२

पायथनमध्ये तुलनेचं फंक्शन लिहिलं (ज्याला जास्त मतं तो पुढे), सीएमपी-टू-कीमधून (तुलनेचं फंक्शन सॉर्टला चालेल असं करून देणारी सोय) सॉर्टला, म्हणजे रांग लावणाऱ्या फंक्शनला दिलं. उत्तर आलं क, ख, ग, घ, च, छ. बहिणीने तोच कोड तिच्या लॅपटॉपवर चालवला, फक्त ताटं ख, ग, क, घ, च, छ अशी भरली. तिचं उत्तर ख, ग, क, घ, च, छ! मग मी मुद्दाम ग, क, ख असं भरून पाहिलं तर ग पहिला.

कोड एक, मतं तीच आणि पहिला नंबर तिघांचा. कुठे तपासू? बक्षिसं रविवारी आहेत.

---

पांझराकाठ

कोड नका तपासू, मतं तपासा. क ने ख ला हरवलं, ख ने ग ला, आणि ग ने क ला. गोल फिरला.

सॉर्ट करणारं फंक्शन एक गोष्ट गृहीत धरतं: अ हा आ च्या पुढे आणि आ हा इ च्या पुढे असेल तर अ हा इ च्या पुढे असणारच. म्हणून ते सगळ्या जोड्या विचारतच नाही. तीन ताटं क, ख, ग या क्रमाने दिली की पायथन आधी शेजारच्या जोड्या पाहतं. क–ख बरोबर, ख–ग बरोबर, म्हणजे रांग आधीच लागलेली आहे असं समजून हात झटकतं. ग–क ही जोडी त्याने विचारलीच नाही, आणि तिथेच ५–० बसलंय. तुमच्या तिन्ही क्रमांत शेजारच्या पाचही जोड्या बरोबर आहेत, म्हणून तिन्ही वेळा तुम्ही भरलेलीच यादी जशीच्या तशी परत आली.

पायथन यावर काहीच बोलत नाही. सी-प्लस-प्लसमध्ये असं फंक्शन दिलं तर पुढे काय होईल याची भाषा कसलीही हमी देत नाही, प्रोग्राम कोसळूही शकतो. जावा ७ पासून 'कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट' म्हणून ओरडते, पण तीही नेहमी नाही. ३२ पेक्षा कमी वस्तू असतील तर तिथे साधी घुसवणूक पद्धत (एकेक वस्तू उचलून लागलेल्या रांगेत तिच्या जागी घुसवायची) चालते आणि ती तपासणी होतच नाही. म्हणजे चाचणीत दहा नोंदी घेतल्या तर सगळं हिरवं, आणि खऱ्या कामात हजार आल्या की रात्री अडीचला फोन. ऑफिसात हे पाहिलंय, म्हणून एवढं तावातावाने लिहितोय.

---

सातपुड्यापल्याड

वाचनखूण साठवली.

---

खापरावरची

मी कोडवाली नाही, शाळेत गणित शिकवते, त्यामुळे चूक असेल तर सांगा. मला या आकड्यांत वेगळंच दिसतंय.

एखादा परीक्षक स्वतःशी सुसंगत असेल, म्हणजे त्याच्या मनात तीन ताटांचा काहीतरी एक क्रम असेल, तर क>ख, ख>ग, ग>क या तीन मतांपैकी तो जास्तीत जास्त दोनच देऊ शकतो. पाच परीक्षकांची मिळून जास्तीत जास्त दहा. इथे किती आहेत? ३ + ४ + ५ = १२. म्हणजे निदान दोन परीक्षकांनी स्वतःच गोल फिरवलाय: क हे ख पेक्षा चांगलं, ख हे ग पेक्षा, आणि ग हे क पेक्षा.

यात त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. एका जोडीत धुराचा वास भावतो, दुसरीत हिरव्या मिरचीचा ठसका, तिसरीत तेल जास्त झालं म्हणून नाक मुरडतो. प्रत्येक जोडीत माणूस वेगळाच निकष लावतो. आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली हेच दाखवलं होतं, की आवडीनिवडी गोल फिरतात आणि त्या फिरण्याला रीत असते. शिवाय १५ जोड्या म्हणजे प्रत्येकाने ३० घास भरीत खाल्लं. दहाव्या जोडीनंतर जिभेला काय कळत असेल कोण जाणे. मधे ताक ठेवलं होतं का?

---

केळीबाग

@खापरावरची, ताई, ताक होतं, पण ते परीक्षकांच्या आधी पोरांनीच संपवलं.

हे १२ चं गणित भारी आहे. मी समजत होतो की पाच जणांच्या आवडी एकत्र केल्यामुळे गोल तयार झाला.

---

पांझराकाठ

तसंही होतं. पाचही जण आपापल्या जागी सुसंगत असून बहुमत गोल फिरू शकतं. फ्रान्सच्या काँदोर्सेने १७८५ सालीच ते दाखवून ठेवलंय. तुमच्याकडे दोन्ही प्रकार मिसळलेत, आणि ताईंनी हिशेबाने दाखवलं की नुसत्या बहुमताच्या डोक्यावर खापर फोडता येणार नाही.

एकूण किती गोल आहेत हे मोजायला सोपं सूत्र आहे, केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांचं, १९४० चं. सगळी त्रिकुटं मोजा, त्यातून प्रत्येक ताटाच्या विजयांच्या जोड्या (जिंकलेल्या लढतींतून दोन-दोन किती प्रकारे निवडता येतात ते) वजा करा. सहा ताटांची त्रिकुटं २०. विजय ४, ४, ४, २, १, ०. चार विजयांच्या जोड्या ६, त्या तीनदा म्हणजे १८, दोन विजयांची १. वीसमधून १९ गेले, उरला १. म्हणजे अख्ख्या स्पर्धेत एकच गोल, आणि तो नेमका पहिल्या बक्षिसावर! खाली घ, च, छ चा क्रम चोख आहे. (हे सूत्र प्रत्येक जोडीत कोणीतरी जिंकलेलं असेल तरच चालतं, बरोबरी असेल तर नाही.)

आता उपाय. तुलनेचं फंक्शन सॉर्टला थेट देऊच नका. आधी १५ ही जोड्यांचा तक्ता करा, तक्त्यातून प्रत्येक ताटाला गुण द्या, आणि त्या गुणांवर सॉर्ट करा. गुण हे आकडे असतात, आकडे गोल फिरत नाहीत.

---

केळीबाग

गुण म्हणजे जिंकलेल्या जोड्या? त्या तर तिघांच्याही चार-चार.

---

पांझराकाठ

हो, आणि खरी गंमत इथून पुढे आहे. जिंकलेल्या जोड्या मोजण्याच्या पद्धतीला कोपलंडचं नाव आहे, १९५१ चं, पण तेराव्या शतकात रामोन लुल नावाच्या माणसाने जवळपास हेच मांडलं होतं. तिची अडचण नेहमीची, बरोबरी फार होते.

आणि सावधान: चार-चार-चार गुणांवर सॉर्ट केलंत तरी पायथन तुम्हाला विजेता देईलच. त्याचं सॉर्टिंग स्थिर आहे, म्हणजे समान गुणांच्या वस्तू मूळ यादीत ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने राहतात. जावास्क्रिप्टमध्येही २०१९ च्या मानकापासून तेच. एरवी हा गुण फार उपयोगी, पण इथे त्याचा अर्थ असा की यादीत आधी लिहिलं म्हणून क ला पहिलं बक्षीस. बरोबरी फोडायचा नियम तुम्ही लिहिला नाहीत तर कोड स्वतःचा एक नियम लावतो आणि तुम्हाला सांगतही नाही.

---

घोड्याची_अडीच_घरं

बुद्धिबळात आमच्याकडे यासाठी सोनबॉर्न–बर्गर असतो: ज्यांना हरवलं त्यांच्या गुणांची बेरीज. क ने हरवले ख, घ, च, छ: ४+२+१+० = ७. ख ने ग, घ, च, छ: ७. ग ने क, घ, च, छ: ७.

गेलं केळं. तुमचं त्रिकूट असं गोल बसलंय की विजयांवर आधारलेला कुठलाही नियम त्याला फोडू शकणार नाही. मतांच्या फरकाकडेच जावं लागेल.

---

गिरणेचं_पाणी

मग सोप्पंय की. एकूण मतं मोजा. क १६, ख १७, ग २१, घ १०, च ७, छ ४. बेरीज ७५, हिशेब जुळला. ग पहिला, विषय संपला.

बोर्डा या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत याच्याच जवळची आहे, तीही काँदोर्सेच्याच काळातली. ब्रॅडली–टेरी (१९५२, जोड्यांच्या निकालांवरून प्रत्येकाची ताकद काढणारं मॉडेल) लावलंत तरी इथे क्रम हाच येणार, कारण प्रत्येक जोडीला सारखीच मतं पडली आहेत आणि अशा वेळी तो क्रम एकूण मतांच्या क्रमासारखाच असतो. त्याचा खरा उपयोग जोड्या अर्धवट झाल्या असतील तेव्हा. उद्या बारा ताटं आली तर ६६ जोड्या, म्हणजे दरडोई १३२ घास. तिथे प्रत्येक परीक्षकाला थोड्याच जोड्या द्यायच्या आणि उरलेलं मॉडेलवर सोडायचं. फक्त एखादं ताट प्रत्येक मत हरलं तर त्याचा गुण उणे अनंताकडे पळतो, म्हणून प्रत्येक जोडीत दोन्हीकडे अर्धं-अर्धं मत आधीच टाकून ठेवतात.

---

पांझराकाठ

विषय संपला नाही. ग ला ती २१ मतं कुठून आली बघा: १५ तर घ, च, छ ला ५–० ने झोपवून आली आहेत. दुबळ्या ताटांना किती मोठ्या फरकाने हरवलं यावर पहिलं बक्षीस ठरवायचं? ख ने ग ला समोरासमोर ४–१ ने हरवलंय!

माझ्या मते बरोबरी ज्यांच्यात आहे त्यांच्यातच ती सोडवावी. फक्त क, ख, ग यांच्या आपसातली मतं घ्या. क: ३+० = ३. ख: २+४ = ६. ग: १+५ = ६. क तिसरा झाला. उरले ख आणि ग, त्यांची आपसातली लढत ख ने जिंकली. क्रम ख, ग, क.

शुल्झे पद्धतीनेही (१९९७) हेच येतं. गोलातला सर्वांत लेचापेचा दुवा क–ख, ३–२ चा. तो सोडला की ख, ग, क अशी सरळ रांग. मोठ्या यादीत ते काम फ्लॉइड–वॉर्शल या मार्ग शोधायच्या पद्धतीसारख्या तीन गुंफलेल्या लूपमध्ये होतं, सहा ताटांना तर हातानेही.

---

गिरणेचं_पाणी

मला पटत नाही. ताईंनीच सांगितलं ना, की निदान दोन परीक्षक त्या तीन जोड्यांत गोंधळलेले होते? मग त्याच तीन जोड्यांवर सगळा निर्णय सोपवायचा आणि बाकीची साठ मतं फेकून द्यायची? मी उलट म्हणेन, जितकी जास्त मतं वापराल तितका तो गोंधळ विरेल. घ ला ख ने फक्त ३–२ ने हरवलं, ग ने ५–० ने. ही माहितीच आहे, कचरा नाही.

---

खापरावरची

दोघांचंही म्हणणं बरोबर आहे आणि म्हणूनच पंचाईत आहे. यादीचा क्रम: क. आपसातली मतं: ख. एकूण मतं: ग. बरोबरीचा नियम बदलला की विजेता बदलतो, आणि तिन्ही नियम ऐकायला रास्त वाटतात. (पहिला नाही वाटत, पण तो तर न सांगताच लागलेला होता.)

२०१९ च्या विश्वचषकाची अंतिम लढत आठवा. दोन्ही संघांच्या २४१ धावा, सुपर ओव्हरमध्ये दोघांच्या १५, आणि शेवटी चौकार-षटकार कुणाचे जास्त म्हणून २६–१७ ने इंग्लंड. नियम आधीपासून छापलेला होता, तरी लोक किती चिडले. आयसीसीने त्याच वर्षी तो नियम बदलला.

---

अमयनेरना_भाऊ

भरीत खातांना हिसाब कोन करस रे भाऊ? जे ताट पह्यले रिकामं व्हयनं तेच पह्यलं!

---

खापरावरची

@अमयनेरना_भाऊ, हसू नका कोणी, हा निकष वाईट नाही. परीक्षकांनी काय सांगितलं त्यापेक्षा लोकांनी काय खाल्लं ते जास्त खरं असतं. पण मग दाराजवळच्या ताटाचा फायदा होणार.

---

भुसावळ_फलाट

एलो रेटिंग का नाही वापरत? बुद्धिबळात चालतंच की.

---

घोड्याची_अडीच_घरं

एलो चालत्या गाडीसाठी आहे. खेळाडू वर्षानुवर्षं खेळतो, सुधारतो, घसरतो, आणि प्रत्येक डावानंतर रेटिंग थोडं सरकतं. फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) ते १९७० मध्ये स्वीकारलं ते त्याचसाठी. भरताचं ताट दुपारभर तेच राहतं (थंड होतं, ते सोडा). शिवाय एलोमध्ये लढती कुठल्या क्रमाने मोजल्या यावर उत्तर बदलतं, म्हणजे केळीबाग यांची मूळ तक्रार पुन्हा हजर. चॅटबॉट अरेना, जिथे लोक दोन भाषा-मॉडेलांची उत्तरं शेजारी ठेवून निवडतात, तिथेही आधी एलो होतं, २०२३ च्या अखेरीस ते ब्रॅडली–टेरीवर गेले.

---

केळीबाग

डोकं गरगरलं, पण मजा आली. दोन प्रश्न.

एक, @पांझराकाठ यांचा 'आपसातली मतं' नियम सॉर्टच्या किल्लीत (ज्या आकड्यांवरून सॉर्ट क्रम लावतं त्यात) कसा बसवायचा? (विजय, आपसातली मतं, एकूण मतं) असं त्रिकूट करून?

दोन, आता मतं पडून गेलीत. नियम आधी जाहीर केलेला नव्हता. मग?

---

पांझराकाठ

एक. साध्या किल्लीत नाही बसत, कारण 'आपसात' म्हणजे कुणाच्या आपसात हे गट पाडल्याशिवाय कळत नाही. असं लिहा. फोनवरून टाकतोय, म्हणून मराठीतच:

रांग(गट):
  गटात एकच ताट असेल तर तेच परत दे
  निकष १: याच गटातल्या जिंकलेल्या जोड्या
  निकष २: याच गटातल्या जोड्यांची मतं
  निकष क्रमाने लाव. ज्या निकषाने गट फुटेल तिथे थांब
  प्रत्येक तुकड्यावर रांग(तुकडा) पुन्हा, निकष १ पासून
  कशानेच फुटला नाही तर तो गट 'बरोबरी' म्हणून परत दे

एक खड्डा आहे, तिथे हमखास पाय जातो. दोन्ही निकष एकाच किल्लीत (विजय, मतं) असे जोडून सुरुवातीलाच अख्ख्या गटावर लावलेत, तर पहिल्याच फेरीत एकूण मतं आत शिरतात आणि ग पहिला येतो. तुम्ही समजाल आपसातला नियम लावला, लागलेला असेल गिरणेवाल्यांचा. आधी विजयाने फोडायचं, मग उरलेल्या तुकड्यात शिरून मतं नव्याने मोजायची.

आणि कोड लिहिलात की एक चाचणी आवर्जून ठेवा: ताटांची यादी उलटसुलट करून प्रत्येक वेळी तेच उत्तर येतंय का. सहाच ताटं आहेत, ७२० क्रम होतात, सगळे चालवा. क्षणात होतं.

---

गिरणेचं_पाणी

खड्ड्याबद्दल +१, नियमाबद्दल नाही.

अजून एक, कुणी पुढच्या वर्षी गुणांवर जाणार असेल तर. 'फरक अर्ध्या गुणापेक्षा कमी असेल तर बरोबरी समजा' असं तुलनेच्या फंक्शनमध्ये लिहू नका. ७.० आणि ७.४ बरोबर, ७.४ आणि ७.८ बरोबर, पण ७.० आणि ७.८ बरोबर नाहीत. पुन्हा तोच रोग. गुण आधी जवळच्या अर्ध्या गुणावर आणून घ्या (७.४ चे ७.५), मग तुलना करा. कडेवरच्यावर थोडा अन्याय होतो, पण रांग तरी लागते.

---

खापरावरची

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. पाकीट अजून बंद आहे ना? मग अजून वेळ गेलेली नाही. समितीला ही तीन उत्तरं दाखवूच नका. फक्त प्रश्न विचारा: 'तीन ताटांची बरोबरी झाली तर त्यांच्या आपसातली मतं धरायची, की सगळी मतं?' त्यांना उत्तर लिहून सही करू द्या. मग कोड चालवा, मग पाकीट फोडा. कुठल्या अक्षरामागे कोण हे समितीला माहीत नाही, तोवर नियम कुणाच्या सोयीचा निघू शकत नाही.

नाहीतर सरळ चिठ्ठी टाका. निवडणुकीत समसमान मतं पडली तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ६५ प्रमाणे चिठ्ठीच टाकतात. आमदारकीला चालतं तर भरताला का नाही?

---

घोड्याची_अडीच_घरं

किंवा फोडूच नका. तिघांनाही पहिला नंबर द्या, पहिल्या तीन बक्षिसांची रक्कम एकत्र करून तीन भाग करा, आणि घ ला चौथा. दुसरा नाही हं, चौथा. कोडमध्ये क्रमांक देताना 'आपल्यापेक्षा पुढे किती जण' अधिक एक असं मोजलं की १, १, १, ४ आपोआप येतं.

---

केळीबाग

समितीपुढे ताईंचा प्रश्न ठेवला. पाऊण तास वाद झाला, त्यातली वीस मिनिटं मुळात वांग्याला तेल लावून भाजावं की कोरडं यावर. शेवटी लिहून दिलं: 'आपसातली मतं. त्यानेही फुटलं नाही तर बक्षीस वाटून.' एकूण मतं का नकोत विचारलं तर एक आजोबा म्हणाले, 'लहान पोराला पाडलं म्हणून पैलवान होत नाही कोणी.'

कोड @पांझराकाठ यांच्या रचनेने लिहिला, ७२० च्या ७२० क्रमांत उत्तर एकच: ख, ग, क, घ, च, छ. पाकीट अजून फोडलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या पत्रकात नियम आधीच छापतोय, आणि डावं-उजवं ताट चिठ्ठीने ठरवणार, कारण यंदा जोडीत ज्याचं अक्षर आधी येतं ते ताट नेहमी डावीकडे होतं हे काल लक्षात आलं.

---

गिरणेचं_पाणी

थांबा. म्हणजे क कायम डावीकडे आणि छ कायम उजवीकडे? विजयांचा क्रम बघा: ४, ४, ४, २, १, ०. पंधरापैकी चौदा जोड्या डाव्या ताटाने जिंकल्यात!

---

खापरावरची

आणि पंधरावी ती ग–क, जिथे उजवीकडून पाचही मतं आली. @केळीबाग, बक्षिसं खुशाल द्या, पण पाकीट फोडायच्या आधी काकूंना सांगून ख, ग, क ही तीन ताटं उलट बाजूला ठेवून पुन्हा चाखता येतात का बघा. तीनच जोड्या, सहा घास. आणि ताक पोरांपासून लपवून ठेवा.

---

अमयनेरना_भाऊ

परीक्षक कमी पडी ऱ्हायनात का? मी येस.